अकरा नंबरची जांभळी गोळी

१

कपाटातल्या गोळ्या बरोबर भरत होत्या आणि अकरा नंबरच्या आजी मात्र औषध जास्त होऊन गेल्या होत्या. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असणं शक्य नव्हतं, म्हणून मला बोलावणं आलं.

मी चौतीस वर्षं परिचारिका होते. निवृत्त झाल्यापासून वृद्धनिवासांमध्ये जाऊन तिथल्या मदतनीस बायकांना औषधं कशी द्यायची ते शिकवते. या बायका म्हाताऱ्यांना उठवतात, न्हाऊ घालतात, भरवतात. डॉक्टर दिवसाआड येतात, सिस्टर एकच असते आणि गोळ्या घेणारी तोंडं चाळीस. त्यामुळे औषधांची ट्रॉली शेवटी या बायकांच्या हाती येते आणि त्याआधी त्या माझ्या हाती येतात. मी तापट आहे असं सगळे म्हणतात, आणि ते खरं आहे. पोटात गेलेली गोळी परत मागता येत नाही, मग शिकवताना गोड कशाला बोलायचं? माझे पाच प्रश्न त्यांनी झोपेतही म्हणायला हवेत: कोणाला, कोणतं, किती, कधी, कसं.

निवासाचे व्यवस्थापक टापटिपीचे गृहस्थ. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि हकीकत सांगितली. गेल्या बुधवारी सकाळी आठ वाजता आजींना त्यांची रोजची जांभळी गोळी मिळाली. हाडांच्या दुखण्यावरची, जबर औषधाची. ती गोळी वेगळ्या कपाटात दोन कुलपांत असते आणि दर पाळीला मोजली जाते. न्याहारीनंतर, नऊच्या सुमाराला आजी झोपल्या. तशा त्या रोजच झोपत, म्हणून कोणाला काही वाटलं नाही. बाराला जेवायला उठवायला गेले तर उठेनात. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या, श्वास मिनिटाला पाच-सहा. डॉक्टर धावत आले, त्यांनी उतारा टोचला, पण फार उशीर झाला होता. आजी पुन्हा जाग्या झाल्याच नाहीत. तीन वाजता संपलं.

काल रक्ताचा अहवाल आला होता. एका गोळीनंतर जेवढं औषध दिसायला हवं त्याच्या तिप्पट दिसत होतं. आजींच्या मुलाने लेखी तक्रार दिली होती आणि शुक्रवारी चौकशी समिती बसणार होती.

"तुम्ही एवढंच लिहून द्या," व्यवस्थापक म्हणाले, "की तिला सगळं नीट शिकवलं होतं."

तिला म्हणजे कोणाला, असं मी विचारलं. त्यांनी मुंगीचं नाव घेतलं.

मुंगी हे नाव तिला मीच पाडलं होतं. सहा वर्षं ती याच निवासात फरशी पुसत होती. एकदा माझा वर्ग चालू असताना बाहेर बादली घेऊन उभी होती आणि मी आत विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं ती बाहेर पुटपुटत होती. आतल्या कोणाचंही बरोबर येत नव्हतं, हिची सगळी बरोबर. मी तिला हाताला धरून आत आणून बसवलं. प्रमाणपत्र मिळालं त्या दिवशी तिने आधी फरशी पुसून घेतली आणि मग पेढ्याऐवजी मला एक केळं आणून दिलं. घरी अंथरुणाला खिळलेली आई, कमावणारी ही एकटी. आता हे प्रमाणपत्र गेलं असतं तर कोणत्याच निवासाने तिला फरशी पुसायलाही दारात उभं केलं नसतं.

लिहून देण्याआधी मी स्वतः बघेन, असं मी सांगितलं. व्यवस्थापकांना ते आवडलं नाही.

मुंगी मागच्या व्हरांड्यात धुतलेल्या चादरींच्या घड्या घालत बसली होती. ट्रॉली तिच्याकडून काढून घेतली होती. मी समोर बसले आणि त्या सकाळचं सगळं सांग म्हणाले.

"मी गोळी दिली. त्यांनी गिळली. मी पाहिलं," ती म्हणाली.

मी तोच प्रश्न तीन तऱ्हांनी विचारला. तीनदा तीच तीन वाक्यं, त्याच क्रमाने. खरं सांगणारा माणूस दर वेळी थोडं वेगळं सांगतो. माझी सगळ्यात गुणी विद्यार्थिनी माझ्या तोंडावर खोटं बोलत होती.

२

मला जास्त लागलं ते हे, की आजी गेल्या त्याच आठवड्यात मी तिथे होते. सोमवारी आणि मंगळवारी जेवणाच्या हॉलमध्ये माझा उजळणीचा वर्ग झाला. सोमवारी हात, मंगळवारी डोकं, ही माझी वर्षानुवर्षांची पद्धत. पहिल्या दिवशी सगळं करून बघायचं: थेंब मोजायचे, ट्रॉली लावायची, ज्यांना गिळता येत नाही त्यांची गोळी दोन चमच्यांत दाबून फळाच्या गरात कालवायची. हाताला काम मिळालं की बायका खुलतात. दुसऱ्या दिवशी त्या प्रत्येक गोष्टीतले धोके आणि दुपारी चार वाजता लेखी परीक्षा.

सोमवारचा वर्ग मजेत झाला होता. अकरा नंबरच्या आजींचे यजमान मागच्या खुर्चीवर बसले होते. त्यांनी जन्मभर घड्याळं दुरुस्त केली, म्हणून सगळे त्यांना घड्याळआजोबा म्हणतात. आजींना भरवायला ते रोज सकाळी साडेसातला येत आणि त्यावरून लोक आपली घड्याळं लावत. त्या दिवशी हॉलचं बंद पडलेलं घड्याळ त्यांनी मांडीवर उघडलं होतं. मध्येच मान वर करून त्यांनी विचारलं, की थेंब मोजताना बाटली तिरपी धरायची की उभी? अकरा बायका हसल्या. प्रश्न मात्र चांगला होता आणि मी लगेच उत्तर दिलं.

असो. तीन गोळ्यांएवढं औषध आलं कुठून, हे आधी शोधायचं होतं. कपाटाची किल्ली सिस्टरच्या गळ्यात असते, झोपतानाही असते असं म्हणतात. तिने वही माझ्यासमोर ठेवली. पानांवर बोट ठेवायला जागा नव्हती. मग मी पानं मागे उलटली. चार नंबरच्या आजोबांनाही हीच जांभळी गोळी चालू होती आणि ते तीन आठवड्यांपूर्वी वारले होते. त्यांच्या सहा गोळ्या उरल्या होत्या. वहीत लिहिलं होतं "नष्ट केल्या" आणि खाली दोन सह्या, एक सिस्टरची आणि एक साक्षीदाराची.

साक्षीदार म्हणजे रात्रपाळीचा मदतनीस. त्याला सगळे जांभई म्हणतात, आणि नाव सार्थ करत तो डोळे चोळतच माझ्यासमोर बसला. गोळ्या कशा नष्ट केल्या, असं मी विचारलं. त्याने छताकडे पाहिलं, जमिनीकडे पाहिलं.

"बाई, खरं सांगू? सिस्टर म्हणाल्या सही कर, मी केली. गोळ्या मी पाहिल्याच नाहीत."

म्हणजे सहा जांभळ्या गोळ्या कोणाच्याही देखत नष्ट झाल्या नव्हत्या.

३

दुसऱ्या दिवशी, बुधवारी सकाळी मी सिस्टरला औषधांच्या खोलीत गाठलं आणि दार लावलं. ती आधी चिडली, मग रडली. तिने गोळ्या नष्ट केल्या नव्हत्या. नियमाने त्या दोघांच्या देखत पाण्यात विरघळवायच्या असतात. त्या दिवशी जांभई आजारी पडला होता आणि दुसरं कोणी मोकळं नव्हतं, म्हणून तिने त्या पाकिटात बंद करून समोरच्या औषधवाल्याकडे परत पाठवल्या. सही मात्र नंतर उरकून घेतली. दहा वर्षांच्या नोकरीत एकदाच असं केलं बाई, असं ती पुनःपुन्हा म्हणत राहिली.

मी तशीच रस्ता ओलांडून औषधवाल्याकडे गेले. तो चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधणारा माणूस, पण परत आलेली औषधं एका डब्यात तारखेने लावून ठेवतो. पाकीट तिथेच होतं. चिकटपट्टी तशीच, वर त्याची सही आणि पारदर्शक कागदाआड सहा जांभळ्या गोळ्या. मी दोनदा मोजल्या.

सिस्टर सुटली. कपाटातल्या गोळ्या बरोबर होत्या आणि परत आलेल्याही बरोबर होत्या. तिसऱ्या कोणालाही हे औषध चालू नव्हतं. म्हणजे आजींच्या पोटात गोळी एकच गेली होती आणि त्या एका गोळीने तिघींचं काम केलं होतं.

खरं तर कोणाही जुन्या परिचारिकेला आता उत्तर दिसायला हवं. मलाही दिसलं, पण मी त्याच्याकडे पाठ फिरवली. कोणाला, कोणतं, किती, कधी, हे चारही प्रश्न बरोबर सुटत होते. उरला होता पाचवा, कसं. तो मी मुंगीला स्वतः शिकवला होता, मग तिथे चूक कशी असेल? माणसाला जिथे खात्री असते तिथे तो बघतच नाही, आणि मी माणूसच आहे.

मला बघायला लावलं ते धोबिणीने. मी मागच्या व्हरांड्यातून जात होते, तर तिने हाक मारून माझ्यापुढे एक रुमाल नाचवला. भरवताना म्हाताऱ्यांच्या गळ्यात बांधतात तो. तुम्ही इथल्या बायकांना शिकवता ना, मग हेही शिकवा, असं तिचं म्हणणं होतं. तोंडाला लावायचे रंग रुमालाला पुसतात आणि घासून घासून आमच्या हाताची सालं निघतात. हा रुमाल तिने भांडायला पुरावा म्हणून राखून ठेवला होता. कोपऱ्यात अकरा आकडा शिवलेला होता. मधोमध फळाच्या गराचा वाळलेला डाग आणि त्यात बारीक बारीक जांभळे कण होते.

ओठांना लावायचा रंग असा नसतो. तो गोळीवरचा थर होता. अख्खी गिळलेली गोळी रुमालावर रंग सोडत नाही.

ही गोळी पोटात गेल्यावर आपलं औषध बारा तास थोडं थोडं सोडत राहते आणि तो आवर तिच्या घडणीतच असतो. गोळी फोडली की आवर गेला. मग बारा तासांचं औषध एकदम रक्तात उतरतं आणि ऐंशी वर्षांच्या बाईचा श्वास मंदावत मंदावत थांबतो. कोणीतरी ती गोळी फोडून, फळात कालवून आजींना भरवली होती.

४

मी रुमाल मुंगीच्या मांडीवर ठेवला. तिने तो पाहिला आणि घडी घालून बाजूला ठेवला, जणू इतर कपड्यांतलाच एक.

"मीच फोडली," ती म्हणाली. "विसरले बाई. गडबडीत विसरले."

मी तिला विचारलं, की ही गोळी फोडली तर काय होतं? तिने मान खाली घालून उत्तर दिलं. बारा तास, आवर, श्वास, बाहुल्या, सगळं, एक शब्द इकडेतिकडे न होता. मी पिशवीतून मंगळवारची उत्तरपत्रिका काढली. सातव्या प्रश्नाला तिने हेच लिहिलं होतं आणि खाली स्वतःहून भर घातली होती, "अकरा नंबरच्या आजींची गोळी अशीच आहे, त्यांच्या पलंगापाशी चिठ्ठी लावावी का?" मी त्या वाक्याला लाल पेनाने शाबासकी दिली होती. मंगळवारी दुपारी चारला जिने हे लिहिलं, ती बुधवारी सकाळी आठला विसरली? हे खोटं मला गिळता येईना.

तसं मी तिला सांगितलं. ती उठली आणि चादरींचा गठ्ठा घेऊन आत निघून गेली.

मी तिथेच विचार करत बसले. गोळी ज्याने फोडली त्याला फोडायची कशी ते माहीत होतं. दोन चमच्यांत दाबायची, फळाच्या गरात कालवायची, माझीच पद्धत. मात्र कोणती गोळी फोडायची नाही, ते त्याला माहीत नव्हतं. पहिली गोष्ट मी सोमवारी शिकवली आणि दुसरी मंगळवारी. म्हणजे मला असा माणूस हवा होता जो सोमवारी वर्गात होता आणि मंगळवारी नव्हता.

हजेरीचे कागद माझ्याकडेच होते. सोमवारी अकरा सह्या, मंगळवारी त्याच अकरा. एकही कमी नाही. मी नावावर नाव ठेवून पाहत गेले आणि मधेच माझा हात थांबला.

हजेरीवर सही न करणारा एक माणूस सोमवारी वर्गात होता. मंगळवारी तो आपली खुर्ची घेऊन पुन्हा आला होता. दाराशी मीच त्याला अडवलं होतं. "आजोबा, आज परीक्षा आहे, हा वर्ग फक्त कर्मचाऱ्यांचा आहे," असं म्हणाले होते, तेही हसून. ते म्हणाले होते, बरोबर आहे बाई, बरोबर आहे. आणि दार मी माझ्या हाताने लावलं होतं.

५

घड्याळआजोबांची खोली गल्लीच्या टोकाला, दुसऱ्या मजल्यावर. खिडकीशी टेबल, त्यावर चिमटे आणि स्क्रू लहानमोठ्या क्रमाने मांडलेले. त्यांनी मला एकुलती खुर्ची दिली आणि स्वतः पलंगाच्या कडेवर बसले. मी काही विचारायच्या आधीच ते बोलायला लागले. आठ दिवसांत त्यांच्याशी कोणी बोललं नसावं.

दोन वर्षं आजी त्यांना ओळखत नव्हत्या. मात्र तोंड उघडत ते यांच्याच हातून. मदतनीस बायकांनी चमचा पुढे केला की दात घट्ट मिटून घेत.

"मला विचारायची, अहो, तुम्ही रोज येता, घरी तुमची बायको वाट बघत नाही का?" आजोबा म्हणाले. "मी म्हणायचो, बघते ना, म्हणून तर वेळेवर येतो."

ते हसले. मला हसता आलं नाही.

त्या आठवड्यात गोळी आजींच्या घशात अडकायला लागली होती. मंगळवारी तर ठसका लागून त्या निळ्या पडल्या. बुधवारी आजोबांनी घरून दोन चमचे नेले. मुंगीने नेहमीप्रमाणे गोळी त्यांच्या तळहातावर ठेवली, तेवढ्यात सात नंबरमधून घंटा वाजली आणि ती तिकडे पळाली. आजोबांनी गोळीची अगदी मऊ पूड केली. अर्ध्या शतकाच्या सवयीचे हात होते ते. सफरचंदाच्या गरात कालवून भरवली.

"एकदासुद्धा ठसकली नाही. सगळं खाल्लं, मग माझ्याकडे बघून छान आहे म्हणाली," ते म्हणाले. "त्या पोरीने जास्तीची गोळी दिली असं मुलगा म्हणतो. मला ते पटत नाही. ती पोर तशी नाही." आणि मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बाई, मी तुम्ही शिकवलंत तसंच केलं. बरोबर केलं ना?"

चौतीस वर्षांत मी मरणाच्या बातम्या किती घरांत सांगितल्या असतील, त्याची मोजदाद नाही. त्या खोलीत मला ते जमलं नाही. शुक्रवारी बोलू, असं काहीतरी पुटपुटून मी उठले.

तशीच निवासावर गेले. मुंगीला एवढंच म्हणाले, की मी आजोबांकडून आले. तिने हातातली चादर खाली ठेवली आणि मग सगळं सांगितलं. सात नंबरचे आजोबा पलंगावरून पडले होते. तिला परत यायला पाच मिनिटं लागली. वाटी रिकामी होती, आजींचं तोंड रिकामं होतं, म्हणून तिने गिळताना पाहिलं अशी सही केली. ती चूक तिची, ती तिने मान्य केली. आजोबा घरी जेवायला गेल्यावर, बारा वाजता आजी उठेनात तेव्हा तिने डोळे उघडून बाहुल्या पाहिल्या, आणि मग टेबलावर राहिलेले दोन चमचे पाहिले. तिला त्या क्षणी सगळं कळलं. डॉक्टरांना बोलावून आल्यावर तिने ते चमचे धुऊन टाकले.

मी तिला विचारलं, नोकरी जाईल, नाव जाईल, आईचं काय?

"माझं काय, मी फरशी पुसून खाईन," ती म्हणाली. "पण बाई, त्यांना हे कळलं तर ते एक दिवस जगतील का? तुम्ही सांगू नका."

६

दोन रात्री मला झोप नव्हती. एकीकडे एका निरपराध बाईची भाकरी, दुसरीकडे बायकोला आपल्याच हाताने मारलं हे एका म्हाताऱ्याला सांगणं. आणि दोन्हींच्या मधे मी, धडा अर्धा शिकवून दार लावणारी. शेवटी व्यवस्थापकांना हवं होतं ते पत्र मी लिहिलं नाही. दुसरंच लिहिलं आणि शुक्रवारी समितीपुढे वाचून दाखवलं: गोळी एकच होती, ती फोडली गेली. फोडायला मी शिकवलं आणि धोका सांगायला एक दिवस उशीर केला, तेव्हा दोष आधी माझ्या नावावर लिहा. गोळी कोणी फोडली ते मी लिहिलं नव्हतं.

समितीच्या अध्यक्षांनी साहजिकच तेच विचारलं. आजींचा मुलगा समोर बसला होता, हातात तक्रारीची प्रत होती. मुंगी उभी राहिली आणि "मी" म्हणाली.

"पोरी, पुरे आता."

आजोबा दारात उभे होते. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. इस्त्रीचा सदरा, केस नीट विंचरलेले. ते आत आले आणि माझ्याकडे हात करून समितीला म्हणाले, की सोमवारी बाईंनी माझ्या प्रश्नाला चटकन उत्तर दिलं होतं. परवा उत्तर न देता उठल्या, तेव्हाच मला कळलं की उत्तर वाईट आहे. मग मी औषधवाल्याकडे गेलो. त्याने समजावून सांगितलं, त्याला बिचाऱ्याला माहीत नव्हतं मी का विचारतोय.

त्यानंतर त्यांनी समितीला सगळं सांगितलं, चमच्यांपासून सफरचंदापर्यंत, एकही गोष्ट न वगळता. आवाज फक्त एकदा अडखळला, छान आहे म्हणाली, हे सांगताना. मुलगा उठून त्यांच्याजवळ गेला. त्याने तक्रारीचा कागद फाडायला घेतला, तर आजोबांनी त्याचं मनगट धरलं.

"फाडू नकोस," ते म्हणाले. "नाव बदल."

मुलाला ते करवेना. तो बाबा, बाबा एवढंच म्हणत राहिला आणि मग लहान मुलासारखा त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडला. अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. व्यवस्थापकसुद्धा आपल्या कागदांकडे बघत नव्हते.

न पाहता सही केली म्हणून मुंगीची ट्रॉली तीन महिने बंद झाली. नोकरी राहिली, प्रमाणपत्र राहिलं. मी शिकवायची पद्धत बदलून द्यावी असं ठरलं. ते त्यांनी ठरवलं नसतं तरी मी केलंच असतं.

सगळे गेल्यावर आजोबा व्हरांड्यातल्या बाकावर बसले होते. मुलगा गाडी बघायला गेला होता. मुंगीने त्यांना पाणी आणून दिलं. ते त्यांनी घोट घोट प्यायलं, पेला तिच्या हातात दिला आणि तिचा हात तसाच धरून ठेवला.

"त्या दुपारी तू होतीस ना तिच्यापाशी?"

ती हो म्हणाली.

"शेवटी काही बोलली का गं?"

मुंगीने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मग त्यांच्याकडे.

"बोलल्या ना. डोळे उघडून म्हणाल्या, हे कुठे गेले?"

"'हे' म्हणाली?" आजोबांनी विचारलं. "नक्की 'हे' म्हणाली?"

"दोनदा म्हणाल्या."

आजोबांचे ओठ हलत होते, तो एक शब्द ते स्वतःशीच म्हणून बघत होते. मग त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी शिकलेली बाई, असं होऊ शकतं का, हे त्यांना माझ्याकडून ऐकायचं होतं. नऊनंतर आजी जाग्या झाल्याच नव्हत्या हे मला ठाऊक होतं. जे पाहिलं नाही ते कधी सांगायचं नाही, हे मी आजवर शेकडो बायकांना शिकवलं होतं.

मी त्यांच्या शेजारी बसले.

"होतं असं, आजोबा," मी म्हणाले. "शेवटी शेवटी ओळख परत येते. मी पुष्कळ वेळा पाहिलंय."

मी असं एकदाही पाहिलेलं नाही.